सर्टिफिकेटवर यूए 7+, अन् घरात साडेचार, आठ आणि अकरा

पत्र:
नमस्कार ताई, मी नागपूरला मानेवाड्यात राहते. मुलगी 11 वर्षांची आहे, मुलगा 8 वर्षांचा, अन् उन्हाळ्याच्या सुट्टीत अमरावतीहून माझ्या बहिणीची साडेचार वर्षांची पोरगी आमच्याकडे आलेली आहे. तो ड्रॅगनवाला जादूचा सिनेमा लागला आहे ना, तो पाहायचाच म्हणून तिघंही मागे लागले आहेत. मुलीच्या सगळ्या मैत्रिणींनी पाहिला. मुलगा मात्र मागच्या वर्षी टीव्हीवर एक भुताचा सीन पाहून महिनाभर एकटा बाथरूमला जात नव्हता. मिस्टर म्हणते, कार्टूनसारखंच तर आहे, काय होते, घेऊन चल तिघांनाही. त्यावर यूए 7+ लिहिलं आहे, म्हणजे मुलाला चालेल ना? छोटीला घरी ठेवलं तर ती घर डोक्यावर घेईल. फेब्रुवारीत माझे सासरे गेले, तेव्हापासून घरात आनंदाचं असं काही झालंच नाही, म्हणून मलाही वाटते की सगळ्यांनी मिळून जावं. काय करू?
एक आई

उत्तर:

ताई, तुमचं पत्र वाचलं अन् दुसऱ्याच दिवशी दुपारच्या शोला जाऊन मी तो सिनेमा पाहून आले, कारण न पाहता तुम्हाला हो किंवा नाही सांगणं मला बरोबर वाटेना. आधी उत्तर सांगते म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. छोटीला नेऊ नका. मुलाला न्या पण जरा तयारी करून न्या. अन् मुलीला तर न्याच, फक्त जाण्याआधी तिच्याशी एकदा निवांत बसून बोला, जिची तुम्हाला काहीच काळजी नाही असं पत्रावरून दिसतंय तिच्याशीच, ते कशासाठी ते पुढे येते.

आता ते यूए 7+ चं. पूर्वी आपल्याकडे नुसतं यूए असायचं, म्हणजे 12 वर्षांखालच्या मुलांना दाखवायचं का ते आईबापांनी विचार करून ठरवा. 2023 मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली अन् त्या यूएचे तीन भाग झाले, यूए 7+, यूए 13+ आणि यूए 16+. हे तिन्ही आकडे पालकांसाठीची सूचना आहेत, यूएच्या सिनेमाला दारावरचा माणूस तुमच्या पोराचं वय विचारून त्याला परत पाठवणार नाही, ती बंदी फक्त ए वाल्या सिनेमाला असते, 18 वर्षांखाली प्रवेश नाही. म्हणजे निर्णय तुमच्याच हातात ठेवलेला आहे. अन् पुष्कळ जणांना वाटतं तसं यू म्हणजे लहान मुलांसाठी बनवलेला सिनेमा असंही नसतं हं, कुणीही पाहिला तरी हरकत नाही एवढाच त्याचा अर्थ, मग तो तुमच्या छोटीला कळेल का, ती दोन तास बसेल का, याच्याशी त्या अक्षराचा काही संबंध नाही. 7+ चंही तसंच. सेन्सॉर बोर्डाने सिनेमा पाहिला आहे, तुमचा मुलगा नाही पाहिला.

मग पाहायचं काय, तर आपल्या पोराला नेमकी कशाची भीती वाटते ते, अन् ती गोष्ट त्या सिनेमात आहे का ते. तुम्ही नागपूरच्या, मारबत तर पाहिलीच असेल, इडा पीडा घेऊन जा म्हणत मिरवतात तो बाईचा मोठा पुतळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालाकडच्या गर्दीत मी कितीदा तरी उभी राहिली आहे अन् खरं सांगते, मारबतीपेक्षा जास्त मी पोरांचीच तोंडं पाहत असते. तीन-चार वर्षांचं लेकरू बापाच्या खांद्यावर बसलेलं असतं, लांबून काळ्या मारबतीचं ते मोठंच्या मोठं तोंड दिसलं की बापाच्या केसात तोंड खुपसून घेते, काही केल्या मान वर करत नाही. आठ-नऊचं पोट्टं तिलाच पाहून "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडत पुढे पळते, मध्येच एकदा मागे वळून आई आहे ना ते पाहून घेते अन् पुन्हा पळते. अन् 11-12 वर्षांची पोरगी मारबतीकडे तर पाहतच नाही, ती बडग्यावर, म्हणजे सोबतच्या पुरुषाच्या पुतळ्यावर, लावलेले बोर्ड वाचत असते, कुठे भ्रष्टाचार लिहिलेला असतो कुठे महागाई कुठे आणखी काही, अन् हळूच विचारते, "आई, हे खरंच झालं काय?" एकच मिरवणूक, एकाच रस्त्यावर. तुमच्या घरातले तिघं मला डिट्टो असेच वाटले.

हे नुसतं माझं निरीक्षण आहे असंही नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जोॲन कँटर नावाच्या बाईंनी पडद्यावरचं पाहून मुलं कशी घाबरतात यावर कितीतरी वर्षं अभ्यास केला. त्यांनी जे मांडलं ते साधारण असं, की सात वर्षांच्या आतलं मूल दिसण्याला घाबरते, जे वाकडंतिकडं भयानक दिसते ते त्याच्यासाठी वाईट, मग ते खोटं आहे असं तुम्ही दहादा सांगितलं तरी उपयोग नाही, कारण खोटं अन् खरं यातली रेघच त्याच्या डोक्यात अजून पक्की झालेली नसते. त्यातही एखादा चांगला माणूस डोळ्यादेखत बदलून राक्षस झाला की लहान मुलं फार घाबरतात, हल्कच्या जुन्या टीव्ही मालिकेवर त्यांनी हेच तपासलं होतं, मोठ्यांना वाटे हा तर मदत करणारा हिरो, अन् लहानग्यांना मात्र तो माणूस हिरवा होऊन फुगायला लागला की धडकी भरायची. मोठ्या मुलांचं उलट, त्यांना ड्रॅगन-राक्षसाचं काही वाटत नाही, त्यांना ते घाबरवते जे उद्या आपल्या घरात खरोखर होऊ शकते.

आता हे डोक्यात ठेवून तुमच्या सिनेमाकडे या. गंमत म्हणजे ज्या ड्रॅगनवरून तुमच्या घरी एवढी चर्चा चालू आहे तो सगळ्यात कमी त्रासाचा आहे, मोठा आहे, आग ओकतो, पण डोळे गाईसारखे गरीब दिलेत अन् दुसऱ्याच भेटीत तो नायकाला पाठीवर घेतो. खरे अवघड सीन दुसरे आहेत. सुरुवातीलाच, पहिल्या दहा मिनिटांत, जत्रेच्या गर्दीत त्या पोराचा आईचा हात सुटतो अन् तो "आई, आई" करत फिरतो, कॅमेरा खाली त्याच्याच उंचीवर ठेवलाय त्यामुळे नुसते लोकांचे पाय दिसतात. इंटरव्हलच्या अगदी आधी, इतका वेळ त्याला जेवूखाऊ घालणारी जी प्रेमळ म्हातारी आहे तिचा चेहरा हळूहळू बदलून ती चेटकीण होते. नंतर जवळजवळ वीस मिनिटं रात्रीचं जंगल आहे, फारसं काही दिसतच नाही, नुसते आवाज. अन् शेवटाकडे त्याला जादू शिकवणारे जे म्हातारे गुरुजी आहेत ते जातात. जातात म्हणजे जादूने परत वगैरे येत नाहीत, खरेच जातात, तो पोरगा त्यांचा हात धरून बसतो अन् तो सीन चांगला लांब आहे.

छोटीला नको म्हणते ते त्या पहिल्याच सीनसाठी. ती साडेचार वर्षांची आहे हे तर झालंच, पण ताई, तिची आई आत्ता अमरावतीला आहे. दिवसा खेळण्यात ती विसरून जात असेल, पण अंधारात बसवून एवढ्या मोठ्या पडद्यावर आईचा हात सुटलेलं लेकरू तिला दाखवायचं अन् मग रात्री तिला तुमच्याजवळ झोपवायचं, तुम्हीच विचार करा. वरून आवाज. माझ्या भाच्याला तो पाच वर्षांचा असताना मी असंच हौसेने एका जादूच्या सिनेमाला घेऊन गेले होते, घाबरला तर डोळे झाकू असा विचार करून. डोळे झाकले मी त्याचे, पण कान कोण झाकणार, सगळ्या बाजूंनी तो धडामधुडूम आवाज, अन् दिसत काहीच नाही म्हणून आणखीच भीती, तो माझ्या कुशीत थरथरून राहिला होता अन् मी पाचेक मिनिटं तरी "संपेल आत्ता, संपेल आत्ता" करत बसले, त्या पाच मिनिटांचं मला अजून वाईट वाटतं. पहिल्याच मिनिटाला उठायला पाहिजे होतं. अन् आणखी एक, ती बहिणीची लेक आहे, न्यायचं ठरवलं असतं तरी आधी बहिणीला फोन करूनच, ते विसरू नका.

घर डोक्यावर घेईल म्हणता, घेईलच, जर "तू लहान आहेस, तू नको" असं ऐकलं तर. तिला ते सांगूच नका. दोघांना सिनेमाला एकाने न्या अन् दुसऱ्याने छोटीचा वेगळा कार्यक्रम करा, तो आधी जाहीर करा, सिनेमाचा नंतर. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू आहे, दुपारी बाहेर काढायची सोय नाही, पण सकाळी लवकर महाराजबागेत मोर-हरणं दाखवून आणा, दुपारी मोठा टब भरून पाण्यात बसवा, आंब्याचा रस, संध्याकाळी आइस्क्रीम. साडेचार वर्षांच्या पोरीला यापेक्षा मोठी चैन नसते. सगळ्यांनी मिळून जायचं तुमचं मन आहे ते मला कळतं, पण मिळून जाणं संध्याकाळच्या आइस्क्रीमलाही होते.

आता मुलाचं. 7+ आहे अन् तो आठचा आहे म्हणून चालेल, असं नाही. तो भुताच्या सीनला महिनाभर घाबरला, म्हणजे चेटकिणीचा सीन त्याला जड जाणार हे धरून चाला. पण तो आठचा आहे, म्हणजे सांगितलेलं त्याला कळते, हीच मोठी गोष्ट. जाण्याआधी त्याला स्टोरी सांगून टाका. मोठ्या माणसांना आधी शेवट कळला की राग येतो, लहानांना बरं वाटतं, त्यांना फक्त एवढंच पाहिजे असते की तो पोरगा वाचतो ना शेवटी. म्हातारीची चेटकीण होते हे स्पष्ट सांगा, कधी होते तेही सांगा, इंटरव्हलच्या आधी, म्हणजे तो वाट पाहील अन् ती अंगावर येणार नाही. मेकअप कसा करतात, कॉम्प्युटरवर चेहरा कसा बदलतात, हिरव्या पडद्यासमोर ॲक्टर कसे नुसते दोरीला लटकून उडतात, असे व्हिडिओ यूट्यूबवर ढीगभर आहेत, त्यातले दोन-चार त्याला आदल्या दिवशी दाखवा. त्याच्या वयाच्या मुलांना याचा खरंच उपयोग होतो, छोटीला झाला नसता.

तिकीट काढताना भाषा पाहून काढा. तुमचा मुलगा इंग्रजी किती भरभर समजतो मला माहीत नाही, पण संवाद कळले नाहीत तर पोराजवळ उरते काय, नुसता अंधार, चेहरे अन् आवाज, म्हणजे भीतीचाच सगळा भाग. त्यापेक्षा हिंदी डबिंगवाला शो घ्या. थ्रीडी नको, तो चष्मा लहान नाकावरून सारखा घसरते अन् राक्षस उगाच अंगावर येते. मागच्या रांगेतल्या कडेच्या सीट घ्या म्हणजे उठून जाता येईल. रात्रीचा शो तर अजिबात नको, दुपारी बारा-एकचा घ्या, तेवढीच एसीची थंडाई, अन् सिनेमा संपल्यावर झोपायच्या आधी हातात सहा-सात तास राहतात, त्यात पोरगं खेळते, खाते, भांडते, डोक्यातलं निम्मं तिथेच निघून जाते. रात्री दहाला बाहेर निघून थेट अंथरुणात गेलं की तेच सगळं उशाशी येऊन बसते.

एक खूण ठरवा, त्याने तुमचा हात दोनदा दाबला की काही न विचारता बाहेर. बाहेर पाणी प्यायचं, पाहिजे तर परत आत, नाही पाहिजे तर घरी, तिकिटाचे पैसे गेले असं तोंडातून निघू देऊ नका. बहुतेक वेळा दार उघडं आहे हे माहीत असलं की पोरं ते वापरतच नाहीत. अन् मिस्टरांना माझ्याकडून एक विनंती, "मुलगा होऊन घाबरतो काय" हे वाक्य त्या दिवशी नको, खरं तर कधीच नको. त्याने भीती जात नाही, पोरगं फक्त सांगायचं बंद होते अन् मग एकटंच रात्री डोळे उघडे ठेवून पडून राहते. बाथरूमचा तो महिनाभराचा किस्सा त्याने तुम्हाला सांगितला तरी, न सांगणारी पोरं किती असतात.

अरे हो, सिनेमात तो गुरुजी चिलीम ओढतो, त्यामुळे सुरुवातीला अन् इंटरव्हलनंतर ती तंबाखूच्या आजाराची जाहिरात लागते, आपल्याकडे तसा नियमच आहे. ड्रॅगनपेक्षा ती जाहिरात पाहून हादरलेली पोरं मी पाहिली आहेत, अन् ती तर खरी माणसं असतात. पाच मिनिटं उशिरा आत जा अन् इंटरव्हलला पॉपकॉर्नच्या लाइनीत जरा रेंगाळा. मारामारी पाहून मुलगा घरी येऊन झाडूची तलवार करेल, करू द्या, दोन दिवसात संपते ते.

पुढेही असे सिनेमे येतच राहतील, तेव्हा पाहून आलेल्यांना "चांगला आहे का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "लेकरू आईपासून हरवते का, चांगला माणूस बदलून वाईट होतो का, अंधार किती वेळ, कोणी मरते का अन् मेलं तर परत येते का" असं विचारा. इंग्रजी सिनेमा असेल तर ब्रिटनच्या सेन्सॉर बोर्डाच्या साइटवर कुठल्या सिनेमात कसले सीन आहेत ते बऱ्यापैकी लिहिलेलं असते, ते वाचा. इंटरनेटवर कुठे अमेरिकेचं पीजी-13 दिसलं तर ते आपल्या 13+ सारखंच असेल असं धरू नका, तो त्यांचा 1984 पासूनचा वेगळा हिशोब आहे. अन् हाच सिनेमा उद्या मोबाइलवर आला की तिथेही 7+, 13+ असं दिसेल, 2021 च्या नियमांपासून, पण तिथे ते रेटिंग कंपनी स्वतःच ठरवते, अन् 13+ पासून वरच्याला लॉकची सोय द्यावी लागते, ती सोय तुमच्या टीव्हीवर चालू आहे का तेवढं आजच पाहून घ्या.

आता मुलगी. पत्रात तुम्ही तिच्याबद्दल एकच ओळ लिहिली, मैत्रिणींनी पाहिला म्हणून. अन् खाली सासऱ्यांबद्दल एक ओळ. मी सिनेमा पाहत होते अन् गुरुजींचा तो सीन आला तेव्हा मला तुमची ती खालची ओळच आठवली. फेब्रुवारी म्हणजे तीन-साडेतीन महिनेच झाले की. तुमच्या मुलीला चेटकीण काहीच करणार नाही, अंधाराला ती हसेल, पण म्हातारे गुरुजी अंथरुणावर आहेत अन् नातवाच्या वयाचं पोरगं हात धरून बसलंय हे तिने आत्ताच खरं पाहिलेलं आहे, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिला पाहू दिलं नसेल, मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवलं असेल, आपल्याकडे तसंच करतात. मैत्रिणी मजा आली म्हणतील, कारण त्यांच्या घरचे आबाजी आहेत.

म्हणून नेऊ नका असं नाही म्हणत मी, उलट न्याच. फक्त तिला आधी माहीत असू द्या. आदल्या रात्री गच्चीवर अंथरुणं टाकता ना, तेव्हा बाकीचे झोपले की तिला सांगा, त्यात गुरुजी जातात, मला तर आबाजींची आठवण येईल असं वाटते. तुम्हाला येईल असं म्हणा, तिला येईल असं नको, म्हणजे तिच्यावर जोर पडत नाही. ती काही बोलली तर ऐका, नाही बोलली तर राहू द्या. "मला नाही यायचं" म्हणाली तर तेही चालते, सिनेमा आणखी काही महिन्यांनी घरी येतोच. अन् थिएटरमध्ये रडली तर थांबवू नका, तिला एका बाजूला घ्या, मुलाला दुसऱ्या बाजूला, तुम्ही मध्ये. तुम्हालाही रडू येईल कदाचित, लपवू नका. मुलाने विचारलं काय झालं, तर सांगा, आबाजींची आठवण आली.

परत येताना गाडीवर बसून लगेच घराकडे पळू नका. उन्हात थांबवत नाही हे खरं, पण थिएटरच्याच थंडाईत अर्धा तास बसा, काहीतरी खायला घ्या, दोघांना समोर बसवा. गाडीवर मागे बसलेल्या पोरीचं तोंड दिसत नाही अन् हवेत तिचं बोलणंही ऐकू येत नाही, आणि तिला जे विचारायचं असेल ते ती बहुतेक त्या पहिल्या अर्ध्या तासातच विचारेल.